क्लासिक मोटारींच्या अंतर्सज्जेचे पुनरुज्जीवन

जुन्या आलिशान मोटारीची आसने, छताचे अस्तर, दारांचे पॅड, लाकडी पट्ट्या, डॅशबोर्ड आणि गालिचा उतरवून, मूळ साहित्य होता होईल तेवढे राखून, ते पुन्हा पूर्वीसारखे करण्याचे काम. इंजिन मिस्त्री पाहतो, पत्रा डेंटर-पेंटर पाहतो. अंतर्सज्जा मात्र एका माणसाच्या हातची नसते. तिला कुशनवाला, सुतार, पॉलिशवाला आणि कातड्यावर शिलाई जाणणारा असे चार कारागीर लागतात, आणि काम बिघडते ते बहुधा या चौघांच्या मधल्या जागेत.

पुण्यात या कामाचे साहित्य पेठांत मिळते. सुट्या भागांसाठी नाना पेठ, प्लाय आणि व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) यांसाठी भवानी पेठेतले टिंबर मार्केट, खिळे-स्क्रू-हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. शहराचा या गाड्यांशी दुसराही संबंध आहे. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९९५ पासून डब्ल्यू १२४ मालिकेची ई-क्लास पिंपरी परिसरात टेल्कोच्या (नंतरची टाटा मोटर्स) आवारात जुळवली जाऊ लागली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा. त्यामुळे येथे कामाला येणाऱ्या गाड्यांत जग्वार किंवा रोल्स-रॉइसपेक्षा मर्सिडीजची डब्ल्यू १२४ आणि तिच्या आधीची डब्ल्यू १२३ अधिक दिसतात.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मोठ्या फेरफारांची अट चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांना उद्देशून आहे. आसनांचे कातडे बदलले म्हणून नोंदणी अडत नाही.

हवामान आणि कामाचे वेळापत्रक

एप्रिल-मे महिन्यांत उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. जून उजाडला की तीच गाडी चार महिने दमट हवेत उभी. लाकूड फुगते-आकसते, वरचा लॅकर (चमकदार पारदर्शक लेप) तेवढा ताणला जात नाही, म्हणून त्याला तडे जातात. फोमचा भुगा होतो, सुती दोरा कुजतो, कातड्यावर बुरशी धरते.

यातूनच कामाचा क्रम ठरतो. उतरवणे, उसवणे, साचे काढणे आणि शिलाई पावसाळ्यात करावी. लॅकर आणि चिकटवण्याची कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. गणपतीपर्यंत गाडी हवी म्हणून जुलैत लॅकर मारून घेतला, तर दिवाळीनंतर तो पुन्हा काढावा लागतो.

उतरवणे आणि उसवणे

जुना माल हाच या कामाचा नकाशा असतो. फाटलेले कव्हर, भुगा झालेला फोम, गंजलेली क्लिप यांतले काहीही गाडी पूर्ण होईपर्यंत टाकू नये. भंगारवाला दारात आला की आवराआवर करण्याची घाई हे अपुऱ्या राहिलेल्या गाड्यांचे एक नेहमीचे कारण आहे.

सुरुवातीला बॅटरीची तार काढावी. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर किमान दहा मिनिटे थांबून मगच स्टिअरिंग किंवा आसनाच्या जोडण्यांना हात लावावा. प्रत्येक भागाचे फोटो काढावेत, स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत भरून जागेचे नाव लिहावे. ब्रिटिश गाड्यांचे स्क्रू-बोल्ट बऱ्याचदा इंची मापाचे असतात. जर्मन गाडीचा मेट्रिक स्क्रू त्यांत जबरदस्तीने पिळला की आटे गेलेच. प्लास्टिकच्या क्लिपा इतक्या वर्षांत ठिसूळ झालेल्या असतात. त्यांना आधी हेअर ड्रायरने ऊब द्यावी आणि चपट्या प्लास्टिक पट्टीने क्लिपच्या अगदी जवळून उचलावे. पॅडच्या कडेला धरून ओढू नये.

कव्हर उसवण्यापूर्वी प्रत्येक शिवणीवर दर दहा सेंटीमीटरला खडूने आडवी खूण करतात आणि तुकड्यांना क्रमांक देतात. उसवल्यावर तुकडे सपाट करून जाड कागदावर उतरवायचे. जुने कातडे बसण्याच्या जागी ताणलेले असते, म्हणून डावा आणि उजवा तुकडा एकावर एक ठेवून, दोन्हींतला कमी ताणलेला साचा खरा मानायचा. चालकाचे आसन या कारणाने साच्यासाठी सर्वांत वाईट, त्याच्या शेजारचे त्याहून बरे.

लाकूड

जग्वार मार्क २ (१९५९–६७) मध्ये अक्रोडाचे व्हिनियर आहे. मर्सिडीजमध्ये पट्टेरी झेब्रानो किंवा गाठाळ अक्रोड, म्हणजे बर्ल वॉलनट. लाकूड भरीव वाटले तरी वरचा थर जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटरचा असतो, आणि सगळी काळजी त्या अर्ध्या मिलिमीटरसाठी घ्यायची.

प्रथम नखाने टकटक करून ऐकावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे व्हिनियर सुटलेले आहे. बाकी ठिकाणी केवळ लॅकर खराब असेल तर तेवढाच काढावा: हीट गन सतत हलती ठेवून, बोथट पट्टी जवळजवळ आडवी धरून थर सोलायचा. जाड पॉलिएस्टर लॅकर कधी कधी काचेसारखा मोठ्या तुकड्यांत निघतो. त्यानंतर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला १८० चा आणि मग २४० चा पॉलिशपेपर, रेषेच्या दिशेने, हातानेच. सँडर मशीन येथे वर्ज्य. कडेला पहिल्या अर्ध्या मिनिटात व्हिनियर भेदले जाते आणि खालचे प्लाय दिसू लागते. तिथे रंग लावून झाकता येते, पण उन्हात पाहणाऱ्याला ते कळतेच.

सुटलेल्या भागाखाली इंजेक्शनच्या सुईने एपॉक्सी सोडावा, वर मेणकागद व फळी ठेवून शिकंज्याने २४ तास दाबावे. सुतारकामाचा पांढरा गोंद वापरू नये, तो डॅशबोर्डच्या उष्णतेत मऊ पडतो. नवे व्हिनियर लावायचे तर एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकासारखे उघडून ठेवावेत, म्हणजे डावी-उजवी नक्षी आरशातल्यासारखी जुळते. गाठाळ व्हिनियर वाकडेतिकडे आणि ठिसूळ असते. त्यावर पाणी आणि थोडे ग्लिसरीन शिंपडून, कागदांच्या थरात, दोन फळ्यांमध्ये काही दिवस दाबल्याशिवाय त्याला सुरी लावू नये.

लॅकरच्या निवडीत पुण्यातले फर्निचर-पॉलिशवाले सवयीने चुकतात. लाखेचे फ्रेंच पॉलिश दिसायला सुंदर, पण लाख ७५ ते ८० अंशांना मऊ होते, आणि मे महिन्यातला डॅशबोर्ड तिथपर्यंत पोचतो. मेलामाइनचे जाड थर तडकतात. दोन घटकांचा पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर हा येथे त्यातल्या त्यात भरवशाचा पर्याय आहे. सहा ते आठ हात, दर दोन-तीन हातांनंतर रात्रभर विश्रांती आणि ३२० चा पेपर. शेवटचा हात दिल्यावर दोन-तीन आठवडे भागाला हात लावायचा नाही. मग ८००, १२००, २००० चा वॉटर पेपर पाण्याबरोबर, आणि कंपाउंडने बफिंग. ही विश्रांती टाळली तर अडकलेले सॉल्व्हंट सावकाश उडते, थर बसतो आणि महिनाभरात आरशासारख्या पृष्ठभागावर लाकडाची छिद्रे उमटतात.

दमट हवेत पीयूमधल्या हार्डनरची (थर कडक करणाऱ्या घटकाची) पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे थरात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. नायट्रोसेल्युलोज लॅकर त्याच हवेत पांढरट पडतो. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. फवारताना किमान सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूस-मास्क लागतो, नाकावरचा रुमाल कामाचा नाही.

एक बारकी गोष्ट राख-तबकाच्या झाकणाची. आठ हातांनी कडेची जाडी इतकी वाढते की सहज सरकणारे झाकण अडकू लागते, आणि दोन-चारदा ओढल्यावर कडेचा लॅकर टवका होऊन उडतो. म्हणून कडा, स्क्रूची भोके आणि बटणांच्या खाचा सुरुवातीपासून मास्किंग टेपने झाकायच्या आणि प्रत्येक टप्प्यावर झाकण बसवून पाहायचे.

कातडे आणि आसने

रोल्स-रॉइस, जग्वार आदी गाड्यांना दीर्घकाळ कातडे पुरवणारी लंडनची कॉनोली ही पेढी २००२ मध्ये बंद झाली. मूळ कातडे फाटलेले नसेल तर ते बदलण्याआधी दहा वेळा विचार करावा. भेगा आणि उडालेला रंग यांवर उपाय आहे, हरवलेल्या मूळ कातड्यावर नाही.

रंगकामाचा क्रम असा. सौम्य साबणाने धुऊन दोन दिवस वाळवणे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढणे. ४०० ते ६०० चा पेपर हलक्या हाताने. भेगांत लवचीक फिलर एकदम न भरता पातळ थरांत. मग पाण्यात मिसळणाऱ्या लेदर-रंगाचे चार ते सहा धुक्यासारखे पातळ फवारे. शेवटी कमी चमकेचा टॉपकोट. रंग जुळवायचा तो आसनाच्या मागे किंवा हेडरेस्टखाली जिथे ऊन पोचलेले नाही तिथल्या कातड्याशी, आणि सूर्यप्रकाशात. ट्यूबलाइटखाली जुळवलेला तपकिरी रंग रस्त्यावर लालसर दिसतो. खोबरेल तेल आणि बूटपॉलिश हे दोन घरगुती उपाय कटाक्षाने टाळावेत: तेलाने शिवण सुटू लागते, धूळ बसते आणि श्रावणात बुरशी येते, पॉलिश पांढऱ्या कपड्यांवर उतरते.

नवे कातडे घ्यायचे तर ते कानपूर, कोलकाता किंवा तमिळनाडूतल्या राणीपेट-आंबूर-वाणियंबाडी पट्ट्यातून येते. एक अखंड गाईचे कातडे साधारण ४५ ते ५५ चौरस फुटांचे. चार दारांच्या गाडीची आसने आणि दारांचे पॅड यांना पाच-सहा कातडी लागतात, कारण मान, पोट आणि ओरखडे सोडता पाव ते एक-तृतीयांश भाग वाया जातो. सगळी कातडी एकाच रंगाच्या बॅचची घ्यावीत. जाडी १.१ ते १.३ मिलिमीटर, चपला-पिशव्यांचे जाड कातडे पायपिंगवर (शिवणीतल्या गोल गोटावर) वळत नाही आणि कोपऱ्यांत गोळा होते. म्हशीच्या कातड्याचा दाणा अधिक खरखरीत, तो मूळ गाडीच्या दाण्याशेजारी उठून दिसतो. बसण्याच्या आणि टेकण्याच्या जागी पाठीचा भाग, आसनाच्या खालच्या झालरीला पोटाचा. उलट केले तर वर्षभरात आसनाला झोळ पडतो.

शिलाईसाठी १८ नंबरची सुई, बॉण्डेड पॉलिएस्टर दोरा आणि वॉकिंग फूटचे मशीन, म्हणजे ज्यात वरचा दाबपायही कातड्याबरोबर पुढे सरकतो. साध्या मशीनचे दाते कातड्यावर खुणा ठेवतात आणि वरचा थर सरकतो. टाका चार मिलिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर शिवण टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. बाजूच्या एअरबॅग असलेल्या नंतरच्या गाड्यांत आसनाची एक शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याने घातलेली असते. ती पक्क्या दोऱ्याने शिवली की अपघातात एअरबॅग अडकते. अशा आसनाला गल्लीतल्या कुशनवाल्याचा हात लागू देऊ नये.

कव्हराखाली काय आहे त्यावर आसनाचा आकार ठरतो. डब्ल्यू १२३ च्या आसनात स्प्रिंगांवर रबर लावलेल्या केसांची व काथ्याची गादी असते. ती काढून थेट फोम भरण्याची पद्धत येथे रूढ आहे आणि तिनेच आसने फुगीर, बसायला उंच होतात. गादी नुसती दबलेली असेल तर वाफ देऊन फुलवावी, खालून गोणपाट नवा लावावा आणि वर १० ते १२ मिलिमीटर फोमचा पातळ थर द्यावा. संपूर्ण फोमच लागत असेल तर बैठकीला ४० डेन्सिटी, पाठीला ३२. कव्हर ताणताना कातड्याशी जबरदस्ती करू नये: थोडे ऊन दाखवून मऊ करायचे, मग हॉग रिंगा (कव्हर अडकवणाऱ्या तारेच्या कड्या) मध्यापासून कडेकडे.

छताचे अस्तर

दोन प्रकार. एकात अस्तर लोखंडी सळयांवर ताणलेले, दुसऱ्यात ते फोमसह साच्यातल्या फळीवर चिकटवलेले. दुसऱ्याची नेहमीची तक्रार म्हणजे मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर लोंबणारे कापड. तिथे गोंद सुटलेला नसतो; फोमच कुजून पीठ झालेला असतो. म्हणून टाचण्या मारून किंवा आत गोंद सोडून भागत नाही. फळी बाहेर काढून मऊ ब्रशने सगळा भुगा झाडावा लागतो. नखाएवढा राहिला तरी तिथून फुगा धरतो. मागे तीन मिलिमीटर फोम असलेले नवे कापड अर्धे-अर्धे दुमडून चिकटवायचे. साधे रबर-सोल्युशन उन्हाळ्यात मऊ पडते, छतासाठी उष्णता सोसणाराच स्प्रे-गोंद घ्यावा, दोन्ही बाजूंना मारावा आणि बोटाला चिकटेनासा झाल्यावर जोडावा.

सळयांच्या प्रकारात प्रत्येक सळीचा बाक वेगळा असतो, त्यामुळे काढतानाच क्रमांक घालावेत. नवे अस्तर अर्धा तास उन्हात ठेवले की घड्या सुटतात. मधल्या सळीपासून सुरुवात, मग पुढे, मग मागे, शेवटी बाजू. कडा कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या. सगळा ताण जमल्याशिवाय कात्री लावायची नाही आणि कापतानाही चार सेंटीमीटर शिल्लक ठेवायचे.

इतर भाग

डॅशबोर्डच्या भेगेला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडून लवचीक फिलर, वर मूळ पृष्ठभागासारखा दाणा उठवणारा स्प्रे आणि व्हिनाइल रंग. कडक लांबी भरली तर पहिल्या उन्हाळ्यात शेजारीच नवी भेग पडते.

दारांच्या पॅडचे हार्डबोर्ड साधारण तीन मिलिमीटरचे. ते फुगण्याचे कारण पॅडमध्ये नसून त्याच्या मागे असते: काचेवरून दारात उतरणारे पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा मिस्त्रीने कधीतरी काच दुरुस्त करताना फाडून टाकलेला असतो. नवे हार्डबोर्ड दोन्ही बाजूंनी वॉर्निश करून, जाड पॉलिथीनचा पडदा ब्युटाइलच्या चिकट रबरी पट्टीने चिकटवून मगच पॅड लावावा. पडद्याची खालची कड दाराच्या आत वळवावी, बाहेर नाही.

गालिचा सर्वांत शेवटी. त्याखालचा नमदा एकदा भिजला की आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि पत्रा आतून सडवतो. सनरूफ असलेल्या गाडीत चारही कोपऱ्यांच्या निचरा-नळ्या नायलॉनच्या तारेने मोकळ्या कराव्यात. नंतर गालिचा न घालता, उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र पसरून, गाडीवर वीस मिनिटे पाइपने पाणी सोडावे: आधी पुढच्या काचेवर, मग सनरूफवर, मग दारांवर, प्रत्येक वेळी थांबून. ज्या पानावर ओला ठिपका उमटतो, त्याच्या वरचे रबर बदलायचे आणि कोरड्या कागदावर चाचणी पुन्हा घ्यायची.