आधी भाव, मग कायदा: अरबी समुद्रातल्या शार्कची पार्श्वभूमी

भारतात शार्कच्या संरक्षणाला सुरुवात झाली ती आपल्या ताटात जवळपास कधीच न येणाऱ्या माशापासून. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्कचं नाव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं आणि तो थेट वाघाच्या पंक्तीला जाऊन बसला. त्याआधी एकाही माशाला तो मान मिळाला नव्हता. मासा म्हणजे पकडायची, विकायची, खायची वस्तू. त्याचं सरकारी खातंही वेगळं. पुढच्या दोन दशकांत संरक्षित जातींची यादी वाढली, परांच्या, म्हणजे शार्कच्या अंगावरच्या पोहायच्या पंखांच्या, निर्यातीवर बंदी आली, अडकलेला मासा सोडायला जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला भरपाई मिळू लागली. पण हे सगळं समजून घ्यायचं तर २००१च्या बरंच मागे जावं लागतं. कारण शार्कच्या बाबतीत क्रम बहुतेक वेळा तोच राहिला आहे: आधी त्याच्या अंगातल्या एखाद्या भागाला भाव येतो, मग मासा कमी होतो, आणि कायदा सगळ्यांत शेवटी पोचतो.

पहिला भाव परांचा. 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी १८५०मध्ये कराचीच्या शार्क मासेमारीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तिथे तेरा मोठ्या होड्या, दर होडीवर बारा माणसं, सतत याच कामावर असत. जाळी पाऊण ते एक मैल लांबीची. वर्षाला ४०,०००च्या घरात शार्क मारले जात, असा त्यांचा अंदाज. पर जायचे चीनला. 'म्होर' नावाचा एक अजस्र मासा मात्र जाळ्याने धरत नसत. तो पाण्याच्या वरच्या थरात झोपल्यासारखा तरंगत असला की त्याला हार्पून मारायचा, दमेपर्यंत पळू द्यायचा, मग सोट्यांनी बडवून बेशुद्ध करायचा आणि अनेक होड्यांनी मिळून किनाऱ्याला ओढत आणायचा. लांबी चाळीस, कधी साठ फूट. बुइस्ट त्याला बास्किंग शार्क म्हणतात, पण तो थंड पाण्यातला प्राणी; वर्णनावरून हा व्हेल शार्कच असणार. परांचा व्यापार ही १९९०नंतरच्या खुल्या बाजाराची देणगी आहे असं सर्रास बोललं जातं. तसं ते नाही.

मग पाळी आली यकृताची. शार्क आणि पाकटं (शार्कच्या नात्यातले चपटे मासे) यांच्या अंगात हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा. इतर माशांना पाण्यात हवं त्या खोलीवर राहायला पोटात हवेची पिशवी असते, ती यांना नसते. शार्कच्या शरीरात ते काम बऱ्याच अंशी भलंमोठं, तेलाने भरलेलं यकृत करतं. सौराष्ट्रात व्हेल शार्कचं हे तेल लाकडी होड्यांना चोळत, पाणी झिरपू नये म्हणून. तोवर खप गावापुरता होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून येणारं कॉड माशाचं तेल थांबलं आणि 'अ' जीवनसत्त्वासाठी जगभर शार्कच्या यकृताचा शोध सुरू झाला. भारतात मुंबई, मद्रास प्रांत आणि त्रावणकोर इथे शार्क लिव्हर ऑइल काढण्याची सोय उभी राहिली. घरात नाक दाबून मुलांच्या घशात ओतलं जाणारं ते तेल जुन्या पिढीला चांगलं आठवत असेल. तिकडे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सूपफिन शार्कचे भाव इतके चढले की काही वर्षांतच तो मासा हाती लागेनासा झाला. १९४७मध्ये 'अ' जीवनसत्त्व कारखान्यात बनवण्याची रीत सापडली आणि हा धंदा बसला. शार्क तात्पुरते सुटले ते रसायनशास्त्रामुळे. कायद्याचा त्यात काही संबंध नव्हता.

इथे जीवशास्त्राचा एक मुद्दा नीट बघायला हवा. बांगड्याची मादी एका हंगामात हजारोंनी अंडी सोडते; त्यातली बहुतेक वाया गेली तरी पुढच्या दोन-चार चांगल्या हंगामांत मासा पुन्हा भरून येतो. शार्क आणि पाकटांचं तसं नाही. बऱ्याच जातींना वयात यायलाच दहा-दहा वर्षं लागतात, गर्भारपण लांबतं, पिल्लं मोजकी होतात. मांटा या मोठ्या पाकटाची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, तेही दोन किंवा जास्त वर्षांनी. ही पद्धत कोट्यवधी वर्षं उत्तम चालली, कारण मोठ्या शार्कला समुद्रात मारणारं फारसं कोणी नव्हतं. जाळं आल्यावर हिशेब फिरला. २०२१मध्ये दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. एकात शार्क, पाकटं आणि त्यांच्या नातलगांच्या जवळपास बाराशे जाती तपासल्या होत्या. त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या. दुसऱ्यात खुल्या समुद्रातल्या जातींची संख्या १९७०पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. कारण दोन्हीकडे एकच: गरजेपेक्षा जास्त मासेमारी.

भारतात १९५०-६०च्या दशकांत यांत्रिक नौका आणि मागे जाळं ओढत नेणारे ट्रॉलर आले. ते आले कोळंबीसाठी. पण ट्रॉलरचं जाळं निवड करत नाही. कोळंबीबरोबर मुशी, पाकटं, त्यांची पिल्लं सगळंच वर येतं. मुद्दाम शार्कच्या मागे जाणारे मच्छीमार आपल्याकडे थोडे, कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूरसारख्या गावांतले. बाकीच्या किनाऱ्यावर शार्क हा दुसऱ्याच कशाच्या तरी मोहिमेत सापडणारा माल. तरीही हे सगळं मिळून १९९०च्या दशकाच्या अखेरीस देशात वर्षाला सत्तर हजार टनांच्या वर शार्क आणि पाकटं उतरत होती आणि भारत जगातल्या पहिल्या काही देशांत होता. दहा-पंधरा वर्षांनी आकडा पन्नास हजारांच्या आसपास आला. तोवर नौका वाढल्या होत्या, त्या आणखी लांब जात होत्या.

याच काळात सौराष्ट्रात मांसाला भाव आला. वेरावळ, मांगरोळ, सुत्रापाडा, धामळेज या पट्ट्यात व्हेल शार्क पूर्वीपासून मारला जाई, तेलापुरता. त्याला मोठा आकडा टोचून दोराला रिकामी पिंपं बांधत. पिंपं ओढत ओढत तो दमायचा. त्यावरूनच त्याचं नाव 'बॅरल' पडलं. तैवानसारख्या देशांतून मांसाची मागणी आली तशी त्याची कत्तल शेकड्यांत गेली. अठरा मीटरपर्यंत वाढणारा, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खाणारा, माणसाला काहीही न करणारा हा मासा किनाऱ्यावर कापला जाताना माइक पांडे यांच्या माहितीपटाने २०००मध्ये जगाला दाखवला. पाठोपाठ अभ्यासगटांनी आकडे पुढे ठेवले, आणि मे २००१चा निर्णय झाला.

त्यानंतर जे घडलं त्याची चर्चा फारशी होत नाही, आणि मला या सगळ्या इतिहासात तेच सर्वांत बोलकं वाटतं. जुलै २००१मध्ये केंद्र सरकारने एका फटक्यात सगळेच शार्क आणि पाकटं पहिल्या अनुसूचीत टाकली. म्हणजे मालवणच्या बाजारातली वीतभर मोरी, हा छोटा शार्क, आणि वाघ कायद्यापुढे सारखेच. मच्छीमार आणि व्यापारी दोघेही उठले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही: जाळ्यात काय यावं हे ट्रॉलरवरच्या खलाशाच्या हातात नसतं. पाच महिन्यांत, ५ डिसेंबरला, यादी दहा जातींवर आली. त्यात व्हेल शार्क, करवत मासे, गंगेतला शार्क, पाँडिचेरी शार्क अशी नावं राहिली. पण जातींची ओळखच अजून पक्की नव्हती. यादीतल्या एका गिटारमाशाची (हाही पाकटांच्या नात्यातला) जात नव्या वर्गीकरणानुसार पश्चिम हिंदी महासागरातली ठरली आहे. आपल्या बंदरांवर उतरणारे तिचे भाऊबंद वेगळ्या जातींचे, आणि त्यांची नावं त्या यादीत नव्हती. पाँडिचेरी शार्कची तर १९७९नंतर खात्रीलायक नोंदच नाही.

कायदा झाला तरी व्हेल शार्क लगेच वाचला नाही. बऱ्याच मच्छीमारांना कायदा ठाऊकच नव्हता. २००४मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम सुरू केली आणि तिचा चेहरा म्हणून रामकथाकार मोरारी बापूंना बोलावलं. बापूंनी किनाऱ्यावरच्या लोकांना जीवशास्त्र सांगितलं नाही. ही लेक आहे, बाळंतपणासाठी माहेरी येते, एवढंच सांगितलं. मासा 'व्हाली', म्हणजे गुजरातीत लाडकी, झाला. शास्त्राच्या काटेकोर नजरेने बघायचं तर हा दावा जरा पुढचाच: जगात गाभण व्हेल शार्क मादी शास्त्रज्ञांनी नीट तपासली ती एकच, १९९५मध्ये तैवानला, आणि तिच्या पोटात तीनशेच्या आसपास पिल्लं निघाली. व्हेल शार्कची मादी नेमकी कुठे विते हे अजून नक्की सांगता येत नाही. पण प्रचार म्हणून ही कल्पना अचूक लागली. माहेरवाशिणीच्या अंगावर हात टाकायला कोण धजेल?

अर्थात नुसत्या कथेवर जाळी कापली गेली नाहीत. एका मोठ्या जाळ्याची किंमत लाखात जाते. गुजरात वनविभागाने व्हेल शार्क सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरवली. सुरुवातीला पंचनाम्यासाठी अधिकारी समुद्रात पोचेपर्यंत मासा जाळ्यात अडकूनच राहायचा. पुढे मच्छीमारांनाच कॅमेरे दिले गेले: जाळं कापतानाचा फोटो काढायचा, किनाऱ्यावर आल्यावर अर्जासोबत द्यायचा. तासांचं काम मिनिटांवर आलं. आतापर्यंत गुजरातच्या किनाऱ्यावर नऊशेहून अधिक व्हेल शार्क असे सोडले गेले आहेत. महाराष्ट्राने डिसेंबर २०१८मध्ये वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत हीच योजना आणली. रक्कमही तीच, पण व्हेल शार्कसोबत कासवं, डॉल्फिन आणि इतर संरक्षित प्राणीही तिच्यात आले.

परांवरची कारवाई त्यामानाने रुक्ष. ऑगस्ट २०१३मध्ये केंद्राने नियम केला की शार्क किनाऱ्यावर आणायचा तो परांसकट, अख्खा. पर कापून धड समुद्रात टाकायचं नाही. आपल्याकडे त्याचा उपयोग मर्यादित होता, कारण इथे धड टाकून देतं कोण? मांस खपतंच. फेब्रुवारी २०१५मध्ये सगळ्या जातींच्या परांची निर्यात बंद झाली. पर गेले तरी मासा उतरतच राहिला, कारण तो मुळात परांसाठी पकडलेला नव्हता.

फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मोठा शार्क उतरला. मादी, लांबी २६६ सेंटीमीटर. तपासणीत ती गंगेतल्या शार्कची, ग्लिफिस गँजेटिकसची निघाली. ही जगातल्या अतिदुर्मीळ शार्कपैकी एक, कित्येक वर्षं शास्त्रज्ञांच्या नजरेला न पडलेली, आणि पंधरा वर्षांपासून पहिल्या अनुसूचीत असलेली. लिलावाच्या गर्दीत बर्फ, टोपल्या, हातगाड्या यांच्यामधून तिला ओळखणार कोण? ग्लिफिस आणि साधा बुल शार्क यांच्यात फरक करायला पाठीवरच्या दोन परांचं प्रमाण बघावं लागतं, दातांची ठेवण तपासावी लागते. हे काम पोलिसाचं नाही, वनरक्षकाचंही नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर संरक्षित शार्क आणि पाकटांच्या जाती दहावरून सव्वीस झाल्या, म्हणजे ओळखायचं काम अडीचपट.

आणि ज्या माशाला आपण खरोखर रोज भेटतो तो? आपल्या उथळ समुद्रातली छोटी, टोकदार नाकाची मोरी म्हणजे शास्त्रातली स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. प्राणिशास्त्राच्या कितीतरी पिढ्यांनी हिचंच विच्छेदन केलं. २०११पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ते टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं. बंदरावर आलेली पोटुशी मोरी कापली की आत पिल्लं दिसतात, आणि दर पिल्लाची नाळ आईला जोडलेली असते, सस्तन प्राण्यांसारखी. तिचं अंडं मात्र जेमतेम मिलिमीटरभर, सगळं पोषण नाळेतूनच. स्वयंपाकघरात तिच्यावर आधी कडकडीत पाणी ओततात, मग कानशीसारखी खरखरीत कातडी घासून काढतात. अंगात युरिया असतो, मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो आणि वास सुटतो. म्हणून मोरी ताजीच हवी. मग तिखट वाटपातलं मोरीचं मटण.

ही जात लवकर वयात येते, एका खेपेला बऱ्यापैकी पिल्लं देते, त्यामुळे आजवर टिकून आहे. तरी धोक्याच्या जवळ आलेल्या जातींत तिची नोंद झाली आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये पनामाला साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत तिचं अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात घेतलं गेलं आणि वर्षभराने ते लागू झालं. आता मोरी परदेशी पाठवायची तर तिच्या निर्यातीने जातीला बाधा येत नाही असं शास्त्रीय मत लागतं, परवाना लागतो. इथल्या बाजारात विकायला तसलं काही लागत नाही, आणि मोरी खपते ती मुख्यतः इथेच.