महाबळेश्वरात बांधकामाची परवानगी नेमकी कोणाची?

भिलारला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांशेजारी दोन खोल्या काढायच्या तर हातात आधी झोन दाखला लागतो. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो. ती शेती विभागात येते की रहिवास विभागात, हे प्रादेशिक योजनेच्या नकाशावरून कळतं.

महाबळेश्वरचा कारभार पहिल्यापासूनच वाटणीचा. 1829 मध्ये प्रतापसिंह छत्रपतींकडून इंग्रजांनी हा मुलूख घेतला आणि बदल्यात त्यांना वाईकडचं खंडाळा दिलं. गव्हर्नर माल्कमच्या नावाने माल्कमपेठ वसली. पेठेला नकाशा मिळाला, आजूबाजूची खेडी मात्र त्याच्या बाहेरच राहिली.

पुढे 1954 चा नगररचना कायदा आला, पण त्याची धाव शहराच्या वेशीपर्यंतच होती. शहर आणि भोवतालचा टापू एकत्र धरून बघायची सोय केली ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 ने. शासन 'प्रदेश' जाहीर करतं, नियोजन मंडळ नेमतं, जमिनीच्या आजच्या वापराचा नकाशा होतो, मग प्रारूप, म्हणजे कच्ची, योजना. हरकतींना किमान चार महिने. नुसतं प्रारूप प्रसिद्ध झालं, तरी शेतीव्यतिरिक्त वापरासाठी पूर्वपरवानगी लागते. शहरात ती नगरपालिकेची, बाहेर जिल्हाधिकाऱ्यांची. गावकरी मात्र अजूनही आधी सरपंचाकडेच जातो, आणि खरं तर त्यात त्याचं चुकतं असंही नाही.

17 जानेवारी 2001 ला केंद्राने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. आधार होता 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. झाडं, झरे, डोंगरउतार, खाणी, जुन्या वास्तू, सगळ्यांवर निर्बंध आले आणि देखरेखीला उच्चस्तरीय समिती बसली. माझ्या मते खरा गुंता इथून वाढला: योजना राज्याची, वरचं झाकण केंद्राचं. हे झाकण नसतं तर वेण्णा तलावाच्या काठाचं काय झालं असतं, हेही उघड आहे.

अलीकडे 'नवीन महाबळेश्वर' आलं. सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतल्या 235 गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. याच भागात एका अंगाला कासचं पठार, दुसऱ्या अंगाला कोयनेचा शिवसागर. रस्ते बांधणारं महामंडळ आता गावांचे आराखडे करणार, म्हणून तिकडच्या चावड्यांवर आता सातबाऱ्याइतकीच चर्चा नकाशातल्या रंगांची असते.