'क्विन्सी'चा एक भाग आणि अनाथ औषधांचा कायदा

४ मार्च १९८१ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'क्विन्सी, एम.ई.' या मालिकेचा 'सेल्डम सायलेंट, नेव्हर हर्ड' हा भाग दाखवला गेला. टूरेट सिंड्रोम, म्हणजे अंगाला अनावर झटके देणारा आजार, असलेल्या एका मुलाचा मृत्यू होतो आणि डॉक्टर क्विन्सी नेहमीप्रमाणे त्या मृत्यूच्या मागे लागतो. या वेळी मात्र कथेचा रोख एखाद्या खुन्याकडे नाही, एका हिशेबाकडे आहे: रोगी थोडे असतील तर औषध कोणी बनवायचं? पाच दिवसांनी, ९ मार्चला, क्विन्सीची भूमिका करणारा नट जॅक क्लगमन वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर साक्षीला बसला होता. पुढे दोन वर्षं पुरी व्हायच्या आत कायदा झाला. मालिकांमुळे कायदे बदलल्याच्या गोष्टी बऱ्याचदा फुगवून सांगितल्या जातात. ही गोष्ट तशी नाही, पण ती नीट कळायला पडद्यामागची वीस वर्षं बघावी लागतात.

आधी मालिकेविषयी थोडं. 'क्विन्सी' ऑक्टोबर १९७६ मध्ये सुरू झाली. ग्लेन लार्सन आणि लू शॉ हे तिचे निर्माते-कल्पक. सुरुवातीला ती एनबीसीच्या रविवारच्या रहस्यपटांच्या मालिकेतला एक तुकडा होती. 'कोलंबो' त्याच ठिकाणी दाखवली जायची. पुढे १९७७ मध्ये तिला स्वतःची साप्ताहिक वेळ मिळाली आणि १९८३ पर्यंत ती चालली. नायक लॉस एंजेलिस काउंटीच्या कॉरोनर कार्यालयातला शवविच्छेदन करणारा डॉक्टर. मुंबईत १९९९ पर्यंत कॉरोनरचं कोर्ट होतं, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना हे पद नवं नाही: संशयास्पद मृत्यू झाला की कारण ठरवणारा अधिकारी. पोलिसांना अपघात वाटतो, वरिष्ठांना फाइल बंद करायची असते आणि क्विन्सी सूक्ष्मदर्शकाखालच्या एखाद्या पेशीवरून सांगतो की नाही, इथे काहीतरी वेगळं घडलंय. सोबतीला प्रयोगशाळेतला सॅम फुजियामा असतोच. गुन्हेवैद्यक हा विषय दर आठवड्याला घराघरांत नेणारी अमेरिकेतली ही पहिली मोठी मालिका.

क्लगमन आपल्याकडच्या रसिकांना '१२ अँग्री मेन' या चित्रपटातला पाच नंबरचा ज्यूरर म्हणून आठवेल. त्याला नुसती रहस्यं उलगडण्यात रस नव्हता. हंगामागून हंगाम त्याने मालिका सामाजिक प्रश्नांकडे वळवली आणि त्याबद्दल टीकाही ओढवून घेतली. क्विन्सी आता भाषणं ठोकतो, रहस्य मागे पडलं, असं समीक्षक म्हणत. काही भागांपुरतं ते खरंही आहे. पण मार्च १९८१ च्या त्या भागात भाषणाचीच गरज होती, कारण ज्यांचं म्हणणं त्यात मांडलं गेलं त्यांना दुसरं व्यासपीठ नव्हतं.

प्रश्नाची सुरुवात एका चांगल्या कायद्यापासून होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीला युरोपात थॅलिडोमाइड हे औषध गर्भवती स्त्रियांना सर्रास दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांची वाढ खुंटलेली जन्मली. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेतल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी रोखून धरली, त्यामुळे तो देश बराचसा वाचला. त्यानंतर १९६२ मध्ये केफॉवर-हॅरिस दुरुस्ती आली: औषध सुरक्षित आहे एवढंच दाखवून भागणार नाही, ते गुणकारी आहे हेही नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध करा. हे व्हायलाच हवं होतं. पण चाचण्यांचा खर्च वाढला, वर्षं वाढली आणि कंपन्यांनी आपली वजाबाकी नव्याने मांडली. लाखो लोकांना लागणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीवर हा खर्च वसूल होतो. देशभरात पाच-दहा हजार रुग्ण असलेल्या आजारावर होत नाही. रसायन सापडलेलं, प्राण्यांवर तपासलेलं, कधी कधी परदेशात विकलंही जाणारं, पण अमेरिकेत त्याला कोणी वाली नाही. अशा औषधांना 'ऑर्फन ड्रग्ज', अनाथ औषधं, म्हणू लागले. १९८३ च्या आधीच्या दशकात दुर्मिळ आजारांसाठी औषधकंपन्यांनी बाजारात आणलेली औषधं दहाच्या आतबाहेर होती, आणि असे आजार तर हजारोंनी मोजावे लागतात.

टूरेट हा त्यातलाच एक. पॅरिसच्या साल्पेट्रियेर रुग्णालयातल्या जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याला हे नाव. अंगाला अचानक झटके बसतात, डोळे मिचकतात, घशातून आवाज निघतात, आणि रोग्याला ते थांबवता येत नाहीत. तोंडातून शिव्या बाहेर पडणं हे लक्षण सिनेमा-मालिकांनी फार गाजवलं, प्रत्यक्षात ते थोड्याच रुग्णांत दिसतं. विसाव्या शतकात दीर्घकाळ हा मनाचा विकार समजला गेला आणि बरेचदा दोष आईच्या माथी मारला गेला. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आर्थर आणि इलेन शपिरो या दांपत्याने दाखवलं की हॅलोपेरिडॉल दिल्यावर लक्षणं कमी होतात. म्हणजे रोग मेंदूचा आहे, संस्कारांचा नाही. केवढा मोठा दिलासा असेल तो त्या आयांना! पण हॅलोपेरिडॉलने मुलं सुस्तावत, वर्गात झोपत, काहींना ते सोसतच नसे.

त्याला पर्याय होता पिमोझाइड. हॅलोपेरिडॉलप्रमाणे तेही बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत तयार झालेलं. युरोपात आणि कॅनडात ते मिळत होतं. अमेरिकेत मॅकनील कंपनी त्याच्या चाचण्या घेत होती, त्या स्किझोफ्रेनियासाठी. तिथे फारसं जमेना तेव्हा तिने काम गुंडाळलं. टूरेटच्या ज्या मुलांना या गोळ्यांनी आराम पडत होता, त्यांच्या आईवडिलांना सांगितलं गेलं की आता पुरवठा होणार नाही. कनेक्टिकटमधल्या ॲबी मायर्स यांचा मुलगा त्यांपैकी एक. औषध निरुपयोगी ठरलं असतं तर त्यांनी ते मान्य केलं असतं. इथे औषध चालत होतं आणि ते बंद होण्याचं कारण एवढंच होतं की गिऱ्हाइकं कमी आहेत. त्या पेटून उठल्या आणि पुढची काही वर्षं टूरेट, हंटिंग्टन (मेंदू झिजवणारा आनुवंशिक रोग), मायोक्लोनस (स्नायूंना अनावर आचके) अशा वेगवेगळ्या आजारांच्या संघटनांना त्यांनी एका धाग्यात ओवलं. एकेका आजाराचे रुग्ण मूठभर, सगळे मिळून मात्र दोन कोटींच्या आसपास अमेरिकन, हे गणित त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या लोकांना कळलं होतं. लोकगायक वुडी गथ्री हंटिंग्टनने गेला, त्याची पूर्वीची पत्नी मार्जरी गथ्री त्या रोगासाठी आधीपासून झगडत होती. न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ मेल्विन व्हॅन वोर्ट मायोक्लोनसच्या रुग्णांना एल-५-एचटीपी देत होते. हे द्रव्य शरीरात निसर्गतःच बनतं, त्यामुळे त्याला भक्कम पेटंट मिळायची आशा नव्हती. मग कंपन्या त्यात पैसा कशाला घालतील?

लॉस एंजेलिसमध्ये टूरेटच्या एका तरुण रुग्णासाठी कॅनडातून आणवलेलं पिमोझाइड अमेरिकी कस्टम्सने जप्त केलं. त्याच्या आईने खासदार हेन्री वॉक्समन यांचं कार्यालय गाठलं. वॉक्समन तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते. ब्रुकलिनच्या खासदार एलिझाबेथ होल्टझमन यांनी १९८० मध्ये या विषयावर पहिलं विधेयक आणलं आणि त्याच वर्षी जून महिन्यात वॉक्समन यांच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. तो तरुण स्वतः साक्षीला आला. सभागृह जवळजवळ रिकामं होतं. पत्रकारांनी दखल घेतली नाही, अपवाद 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा. होल्टझमन त्या वर्षी सिनेटची निवडणूक लढल्या, हरल्या आणि प्रतिनिधिगृहातून बाहेर पडल्या. विधेयक तिथेच राहिलं असतं.

'टाइम्स'मधली ती बातमी मॉरिस क्लगमनच्या वाचनात आली. मॉरिस हा जॅकचा भाऊ, 'क्विन्सी'चा लेखक-निर्माता, आणि स्वतः एका दुर्मिळ कर्करोगाचा रुग्ण. मला या साऱ्या इतिहासातला हा दुवा सगळ्यांत मोलाचा वाटतो. वॉशिंग्टनमधल्या सुनावणीला जे जमलं नाही ते एका आजारी माणसाने वाचलेल्या बातमीने केलं, कारण त्या बातमीत त्याला आपली गोष्ट दिसली. तिच्यातून 'सेल्डम सायलेंट, नेव्हर हर्ड' उभा राहिला.

तेव्हाची अमेरिकी दूरदर्शन-सृष्टी म्हणजे तीन मोठ्या वाहिन्या. एका रात्री कोट्यवधी लोक एकच गोष्ट बघत. त्या भागानंतर दुर्मिळ आजारांच्या कुटुंबांची पत्रं क्लगमनकडे येऊ लागली: आमच्याही घरात असा रोगी आहे, आम्हाला वाटलं जगात आपण एकटेच. ९ मार्चच्या सुनावणीला क्लगमन येणार म्हटल्यावर, ज्या खोलीत नऊ महिन्यांपूर्वी कोणी फिरकलं नव्हतं तिथे कॅमेरे दाटीवाटीने उभे राहिले. तो नट म्हणूनच साक्षीला गेला, त्याने तज्ज्ञाचा आव आणला नाही. काम एवढंच होतं की त्याच्या नावाने माणसं जमावीत आणि मग खऱ्या रुग्णांचं म्हणणं ऐकलं जावं.

वॉक्समन यांनी १९८१ च्या अखेरीला स्वतःचं विधेयक मांडलं आणि सप्टेंबर १९८२ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केलं. सिनेटमध्ये मात्र करसवलतीसह काही कलमांवर घोडं अडलं. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच संबंधित समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या राज्यातली कुटुंबं नेव्हाडातल्या अणुचाचण्यांच्या धुरळ्याने कर्करोग झाल्याची तक्रार करत होती, आणि किरणोत्साराच्या मात्रेवरून कर्करोगाची शक्यता दाखवणारी कोष्टकं सरकारने तयार करावीत हे कलम शेवटी याच कायद्यात बसलं. दुर्मिळ रोगांच्या कायद्यात अणुचाचण्यांचं कलम काय करतंय, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो, त्याचं उत्तर हे.

विधेयक रखडलं तेव्हा क्लगमन बंधूंनी दुसरा भाग केला. 'गिव्ह मी युअर वीक' २७ ऑक्टोबर १९८२ ला प्रसारित झाला. असा प्रकार मालिकांच्या इतिहासात क्वचितच घडला असेल: खरं विधेयक सिनेटमध्ये पडून होतं आणि पडद्यावर क्विन्सी एका काल्पनिक सिनेटरला तसलंच विधेयक पुढे नेण्यासाठी साकडं घालत होता. खिडकीबाहेर रस्त्यावर रुग्णांचा मोर्चा दिसतो. त्या दृश्यात शेकडो माणसं आहेत, आणि त्यांत दुर्मिळ आजारांचे खरे रुग्ण होते, भाड्याने आणलेली गर्दी नव्हती. कलेच्या कसोटीवर हा भाग पहिल्यापेक्षा कच्चा आहे, संवाद प्रचारकी आहेत. पण ते चेहरे बघताना मला संवादांचं काही वाटत नाही.

सिनेटमधली कोंडी फुटली, आणि ४ जानेवारी १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ऑर्फन ड्रग ॲक्टवर सही केली.

कायद्याची रचना साधी आणि हुशार होती. मंजुरीनंतर सात वर्षं त्या आजारासाठी तेच औषध विकण्याची परवानगी दुसऱ्या कंपनीला मिळणार नाही; सुरुवातीला हे पेटंट न मिळणाऱ्या औषधांपुरतं होतं, १९८५ मध्ये पेटंट असलेल्या औषधांनाही लागू झालं. मानवी चाचण्यांच्या खर्चाच्या निम्म्या रकमेएवढी करसवलत. संशोधनाला अनुदान. एफडीएकडून चाचण्यांच्या आखणीत मार्गदर्शन. १९८४ च्या दुरुस्तीने 'दुर्मिळ' म्हणजे अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण, ही मर्यादा ठरली. त्याच वर्षी टूरेटसाठी पिमोझाइडला एफडीएची मंजुरी मिळाली. ॲबी मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये संघटनांची ती आघाडी 'नॉर्ड' (नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसऑर्डर्स) या कायम संस्थेत बदलली. वॉक्समन आणि हॅच यांनी १९८४ मध्ये जेनेरिक औषधांचा कायदाही मिळून केला. भारतीय औषधकंपन्यांना अमेरिकेची बाजारपेठ पुढे खुली झाली ती त्याच वाटेने.

पहिल्या पंचवीस वर्षांत तीनशेच्या वर अनाथ औषधांना मंजुरी मिळाली. जपानने १९९३ मध्ये आणि युरोपीय संघाने २००० मध्ये स्वतःचे नियम केले. पण जे पालक १९८० मध्ये 'औषध बनवा' म्हणून दारोदार फिरत होते, त्यांच्या पुढच्या पिढीला 'किंमत परवडू द्या' म्हणून फिरावं लागतंय. सात वर्षांची मक्तेदारी मिळाली की भाव ठरवणारा एकटाच उरतो. रक्तक्षयावरच्या एरिथ्रोपोएटिनसारखी अनाथ म्हणून मंजूर झालेली औषधं पुढे अब्जावधी डॉलरची झाली. खुद्द वॉक्समन यांनी १९९० मध्ये यावर लगाम घालणारी दुरुस्ती काँग्रेसकडून संमत करून घेतली, थोरल्या बुश यांनी तिच्यावर सहीच केली नाही आणि ती बारगळली. माझ्या मते कायद्याची ही उणीव तेव्हाच भरून निघायला हवी होती.

२०२१ मध्ये मुंबईतल्या आणि पिंपरी-चिंचवडमधल्या तान्ह्या बाळांसाठी १६ कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी गोळा झाली, ती अनेकांना आठवत असेल. आजार स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक रोग, औषध झोलजेन्स्मा, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, आणि तेही याच कायद्याखालचं अनाथ औषध. भारताने औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत अनाथ औषधाची व्याख्या केली: देशात पाच लाखांहून जास्त रुग्ण नसलेल्या आजाराचं औषध. मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. त्यातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक परळचं केईएम रुग्णालय. २०२२ पासून अशा केंद्रात उपचार घेणाऱ्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. जे आजार आयुष्यभर औषध मागतात, त्यांच्या रुग्णांचे हे ५० लाख काही महिन्यांत संपतात, आणि मग पालक पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढतात.