डोपामीन-औषधे व प्राण्यांतील मद्यपान

मेंदूतील डोपामीन या संदेशवाहक द्रव्याचे कार्य वाढविणाऱ्या किंवा अडविणाऱ्या औषधांमुळे प्राण्यांच्या ऐच्छिक मद्यपानात होणारे बदल तपासणारे औषधक्रियाविज्ञानातील एक क्षेत्र.

प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर सहसा कडक मद्याला तोंड लावत नाही. म्हणून फिनलंड, इंडियाना व सार्डिनिया येथे पिढ्यानपिढ्या निवड करून मद्यप्रिय वाण तयार करण्यात आले. दुसरी पद्धत साधारणतः १९८० च्या दशकातली, संशोधक हर्मन सॅमसन यांची. तीत साखरेच्या पाण्यात मद्य थोडेथोडे वाढवीत नेतात आणि साखर हळूहळू काढून घेतात. अशा उंदराला गोडीची ओढ असते की नशेची, हे ठरविणे सोपे नसते. त्यामुळे औषध दिल्यावर पाणी व साखर यांचे सेवनही मोजावे लागते.

मद्याने मेंदूतील न्यूक्लियस ॲकम्बेन्स या भागात डोपामीन वाढते, असे दी कियारा व इम्पेराटो यांनी १९८८ मध्ये दाखविले. हाच प्रवाह पिण्यामागचे मूळ कारण आहे काय, हा खरा वाद. त्या भागात डोपामीनरोधक फ्लुफेनाझिन टोचल्यास मद्यासाठी कळ दाबणे कमी होते (१९९२). परंतु तेथील डोपामीन-तंतू विषाने नष्ट केल्यावरही उंदीर पीतच राहिले (१९९३). डी-२ ग्राहीबाबत (ग्राही म्हणजे डोपामीन जिथे चिकटून काम करते ती पेशीवरील जागा) तर निष्कर्ष उलटसुलट आहेत. हा ग्राही नसलेले मूषक (लहान जातीचे उंदीर) मद्य टाळतात (१९९८), आणि ॲकम्बेन्समध्ये तो जनुकाद्वारे वाढविलेले उंदीरही कमी पितात (२००१).

यातून वाट काढणारे मत सॅमसन व सहकाऱ्यांचे असून ते अधिक ग्राह्य वाटते. मद्य मिळविण्याची धडपड आणि मिळालेले पिणे या दोन क्रिया त्यांनी वेगळ्या मोजल्या. ॲकम्बेन्समध्ये रॅक्लोप्राइड हे डी-२ रोधक दिल्यावर धडपड घटली, पिणे मात्र फारसे घटले नाही. जुन्या सोलापूरकराला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही : गिरणीचा भोंगा झाल्यावर पाय गुत्त्याकडे वळणे वेगळे आणि आत बसल्यावर पेला रिचविणे वेगळे. मे १९३० मध्ये तेथील लोक शिंदीची झाडे तोडायला निघाले, तेव्हा त्यांचा रोखही पेल्यापेक्षा पेल्याकडे नेणाऱ्या वाटेवरच होता, असे म्हणता येईल.

ब्रोमोक्रिप्टिनसारख्या डोपामीन-उत्तेजकांनीही मद्यप्रिय उंदरांतील सेवन घटल्याचे आढळले आहे. रोधक व उत्तेजक दोन्हींनी एकच परिणाम होतो, याचा उलगडा मात्रा, हालचालीतील मंदपणा आणि ग्राहींचे स्थान यांत शोधला जातो. हॅलोपेरिडॉल या रोधकाच्या प्रयोगांत प्राणी मुळातच सुस्त होत असल्याने त्यांचा पुरावा जपून वापरावा लागतो.

मानवी उपचारात या संशोधनाचा थेट उपयोग थोडा. दीर्घकाळ टिकणारे फ्लुपेंथिक्सॉल हे डोपामीनरोधक दिलेल्या रुग्णांत मद्याकडे परतण्याचे प्रमाण उलट वाढलेले दिसले. नाल्ट्रेक्सोन हे प्रचलित औषध तर डोपामीनच्या नव्हे, अफूसदृश द्रव्यांच्या ग्राहींवर काम करते.