ड्युअल बूट (जुन्या लॅपटॉपवर)

ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागांवर) टाकायच्या आणि लॅपटॉप चालू करताना कुठली उघडायची ते निवडायचं. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे जी चालू आहे तिला सगळी रॅम मिळते आणि ४ जीबीच्या मशीनवर हीच मोठी सोय आहे, कारण तिथे व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवायची सोय) लावलं की दोन्ही रखडतात. बहुतेक जण आधीचं विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप मधेच लटकलेत आणि त्यांच्यासाठी हा मार्ग खरंच चांगला आहे.

अडचणी येतात, पण एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवावी, स्क्रीन काळी झाली किंवा विंडोज उघडेना म्हणजे डेटा उडाला असं नाही. बहुतेक वेळा फाइली जिथल्या तिथे असतात, फक्त मशीनला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सापडत नसतो. खरं नुकसान होतं ते घाबरून फॉरमॅट मारल्यामुळे. आणि बॅकअप मात्र आधीच घ्यावा, वेगळ्या हार्डडिस्कवर.

लेगसी की यूईएफआय

साधारण २०१० ते २०१३ मधल्या लॅपटॉपमध्ये मशीन सुरू होण्याच्या बऱ्याचदा दोन्ही पद्धती असतात, जुनी बायोसची म्हणजे लेगसी आणि नवी यूईएफआय, आणि निम्मा घोळ इथेच होतो. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह ज्या मोडमध्ये सुरू होतो त्याच मोडमध्ये तो लिनक्स टाकतो. बूट मेनू उघडला (कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप) की एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला, घाईत आपण पहिला निवडतो आणि विंडोज दुसऱ्या मोडमधलं असतं. मग दोन्ही नीट इन्स्टॉल होतात पण एका मेनूत कधीच येत नाहीत. विंडोज १० मध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड या ओळीसमोर काय लिहिलंय ते आधी बघायचं आणि पेनड्राइव्ह त्याच मोडमध्ये सुरू करायचा, एवढ्याने बरंच काही वाचतं. रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवताना एमबीआर की जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, पहिली लेगसीची, दुसरी यूईएफआयची) असं विचारतात तेही याच्यासाठीच.

चार पार्टिशनचा अडथळा

लेगसी मशीनच्या डिस्कवर एमबीआर असतो, म्हणजे डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर. त्यात ४४६ बाइट बूटच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे २ सहीला. एका पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणजे ६४ मध्ये बसतात चारच. आता कंपनीकडून आलेल्या लॅपटॉपवर सिस्टिम रिझर्व्हड, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि कंपनीच्या टूल्सचं असे चार आधीच भरलेले असतात. आपण सी मधून ६० जीबी मोकळे करतो आणि इन्स्टॉलर ती जागा वापरता येत नाही म्हणून दाखवतो. जागा आहे, पण तक्त्यात पाचवी ओळच नाही!

इथे सगळ्यात वाईट काय होत असेल तर विंडोज ७ च्या डिस्क मॅनेजमेंटमध्येच पाचवं पार्टिशन बनवायला जाणं. ते विचारतं की डिस्क डायनॅमिक करू का, लोक न वाचता येस दाबतात, आणि मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती डिस्क धड वाचता येत नाही, परत बेसिक करायचं म्हटलं तर विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीत सगळं पुसावं लागतं. त्यापेक्षा रिकव्हरीची डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह बनवून घ्यावा, टूल्सचं पार्टिशन काढावं आणि त्या जागी एक्स्टेंडेड (आत आणखी पार्टिशन ठेवता येणारं पार्टिशन) बनवून त्याच्या आत लॉजिकल पार्टिशन करावेत, लिनक्स त्यात व्यवस्थित बसतं. ज्यांच्याकडे सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडलेले आहेत त्यांचं काम सोपं, तिथे शेवटचा ड्राइव्ह बऱ्याचदा लॉजिकलच असतो, तो रिकामा करून वापरावा.

सी ड्राइव्ह श्रिंक म्हणजे लहान करताना १५० जीबी रिकामे दिसत असूनही विंडोज कधी कधी २० जीबीच सोडायला तयार होतं, कारण मधेच न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट केलं की बराच फरक पडतो. आणि हे काम चालू असताना लाइट जायला नको, जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही धरत नाही आणि पार्टिशन अर्ध्यात सरकवलेलं असताना मशीन बंद पडलं तर मात्र डेटा खरोखर जाऊ शकतो. इन्व्हर्टरवर लावा किंवा लाइट जायची वेळ टाळा. डिस्कची स्मार्ट तपासणीही (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आधीच करावी, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग, म्हणजे खराब किंवा संशयित, सेक्टरचा आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर काही करूच नये, अडीच इंची साटा एसएसडी टाकून मग पुढचं बघावं.

इन्स्टॉल होताना

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड रेड (RAID) वर आहे का बघायचं, तो एएचसीआय (AHCI) करावा लागतो, पण तसाच बदलला तर विंडोज निळी स्क्रीन देतं, म्हणून आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावायचं, रीस्टार्ट होताना मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की सेफ मोड काढायचा. स्क्रीन काळी राहिली तर ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) मेनूत ई दाबून linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहायचं. जुन्या ब्रॉडकॉम कार्डवर वायफाय चालत नाही, तेव्हा फोनला केबल लावून यूएसबी टेदरिंग करावं आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

इन्स्टॉल झाल्यावर

लिनक्स उघडतंय पण मेनूत विंडोज नाही अशी तक्रार २०२१ नंतर फार वाढली, कारण ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलाय. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून अपडेट-ग्रब चालवलं की विंडोज येतं. उलट थेट विंडोजच उघडत असेल तर यूईएफआय मशीनच्या बूट ऑर्डरमध्ये लिनक्स वर घ्यावं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या कित्येक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स उघडेनासं झालं होतं, तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरतं बंद केल्यावर ते उघडत होतं. विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येत असेल पण त्यावर लिहिता येत नसेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज ८ पासून शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं. ते बंद करून टाकावं.

काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू एवढंच आलं की लोकांचे हातपाय गळतात. बऱ्याचदा मधलं एखादं लॉजिकल पार्टिशन काढलेलं असतं, त्यामुळे पुढच्यांचे नंबर सरकतात, सहावं होतं पाचवं, आणि ग्रब जुन्याच नंबरवर आपला फोल्डर शोधत बसतो. एलएस टाइप करून पार्टिशनांची यादी बघायची, एकेक तपासून ग्रबचा फोल्डर शोधायचा, रूट (पार्टिशन) आणि प्रीफिक्स (फोल्डरची जागा) त्यावर सेट करायचे, मग इन्समॉड नॉर्मल आणि नॉर्मल, की मेनू समोर. लिनक्स उघडल्यावर ग्रब परत इन्स्टॉल करायचा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

घड्याळाचंही आहेच. मदरबोर्डवर घड्याळ एक, पण विंडोज त्यातली वेळ भारतीय धरतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), म्हणून लिनक्स वापरून विंडोज उघडलं की संध्याकाळी सहा वाजता दुपारचे साडेबारा दिसतात. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर हेच कारण, लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटलं. पण तारीखच काही वर्षं मागे गेली असेल, वेबसाइट सर्टिफिकेटचा एरर देत असतील, तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय. तो बदलल्यावर बायोसची सेटिंग मूळ पदावर जातात, तेव्हा एएचसीआय आणि बूट मोड परत लावावेत, नाहीतर काल चालणारं मशीन आज निळी स्क्रीन दाखवतं आणि दोष लिनक्सवर जातो.