चुंबक, छाप आणि स्टीलचे भांडे

सोलापूरच्या पेठांतल्या भांड्यांच्या दुकानांत अलीकडे एक दृश्य दिसते. गिऱ्हाईक पिशवीतून फ्रिजवरचे चुंबक काढते आणि डब्याला लावून बघते. चिकटले तर स्टील हलके, नाही चिकटले तर अस्सल. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईंना इंडक्शनचे पातेले हवे असते, आणि त्यांच्या पातेल्याला मात्र चुंबक चिकटलेच पाहिजे. जो एका फळीवर दोष, तोच शेजारच्या फळीवर गुण. हा घोळ कुठून आला ते बघायचे तर थोडे मागे जावे लागते, फार नाही.

तांब्या-पितळेचे दिवस कसे सरले ते घरोघरी माहीत आहे. कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर, आणि कथील 232 अंशाला वितळते. रिकामे पातेले जाळावर राहिले की कल्हई उडाली, आणि त्यात चिंचेची आमटी केली की ती कळकली. मग ‘जर्मन’ आले. या शब्दाचीही गंमतच आहे. जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदी नाही. आणि आपण ज्याला जर्मनचे पातेले म्हणतो ते असते ॲल्युमिनियमचे, म्हणजे त्यात जर्मन सिल्व्हरही नाही. नाव तेवढे टिकले. ‘हिंडालियम’ हेही कारखान्याच्या नावावरून पडलेले, मुळात ॲल्युमिनियमच, इतर धातूंची थोडी भर घालून कठीण केलेले.

न गंजणारे पोलाद इंग्लंडात 1913 साली सापडले, पण आपल्या फडताळात त्याची गर्दी झाली ती गेल्या पन्नास-साठ वर्षांतली. कल्हईचा खर्च नाही, राखेने घासले की लख्ख. बोहारणीने जुनी लुगडी घेऊन स्टीलची ताटली द्यावी, लग्नात आलेल्या पेल्यांवर टकटक करून नावे घातलेली असावीत. सुरुवातीला पत्रा बाहेरून यायचा, म्हणून स्टील मिरवायची वस्तू होती. ऐंशीच्या दशकात सेलमला सरकारी कारखान्यातून पत्रा निघू लागला, पुढे खासगी कारखाने वाढले आणि स्टील रोजच्या वापराचे झाले.

खरा गुंता इथून पुढचा, आणि त्याचे मूळ निकेलमध्ये आहे.

ज्या स्टीलला बाजारात ‘तीनशे चार’ (304) म्हणतात त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. निकेल महाग, आणि आपल्याला लागणारे जवळपास सगळे बाहेरून येते. निकेल वाचवायची युक्ती मात्र आपली नव्हे. 1950 च्या दशकात, कोरियातल्या युद्धाच्या सुमारास निकेलचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत निकेलच्या जागी मँगनीज आणि नायट्रोजन घालून दोनशेच्या मालिकेतले स्टील बनवले गेले. त्यातल्या 202 मध्ये 4 ते 6 टक्के निकेल असते, आपल्याकडे भांड्यांसाठी खपणाऱ्या काही प्रतींत तर 1 टक्क्याच्या आसपास. 2007 च्या मे महिन्यात निकेलचा भाव टनाला 50 हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा या कमी निकेलच्या पत्र्याची भारतात चलती झाली नसती तरच नवल.

आता चुंबकाचे. 304 आणि 202, दोन्ही मुळात चुंबकाला दाद देत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक ज्या फरकासाठी चुंबक लावते, नेमका तोच फरक चुंबक दाखवत नाही. चुंबक चिकटते ते 430 सारख्या, निकेल नसलेल्या पण 16 ते 18 टक्के क्रोमियम असलेल्या पत्र्याला. तो पत्रा भेसळीचा नाही, इंडक्शनच्या भांड्याचा बूड बहुधा त्याचाच असतो. कहर म्हणजे अस्सल 304 चा पत्रा साच्यात खोल ओढून डबा केला की कोपऱ्यांवर तो थोडासा चुंबकीय होतो. चांगल्या डब्याने कोपऱ्यात चुंबक जरा ओढले म्हणून तो परत ठेवणारी माणसे आहेत. त्यांच्यावर हसू नये. दुकानातल्या कोणीही त्यांना हे समजावलेले नसते.

‘फूड ग्रेड’ या शब्दाचेही तसेच. पेठेत त्याचा अर्थ 304 असाच घेतला जातो. पण कमी निकेलच्या पत्र्यासाठी 2012 चे एक भारतीय मानक आहे आणि त्याच्या नावातच ‘भांडी व स्वयंपाकघरातील उपकरणांसाठी’ असे म्हटले आहे. म्हणजे कागदावर दोनशेचे स्टील स्वयंपाकघरातून हद्दपार नाही. फरक पडतो तो मिठाशी गाठ पडल्यावर. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, घराघरात पिंपे भरून ठेवावी लागतात, काही ठिकाणी बोअरचे खारे पाणी वापरले जाते. अशा पाण्यात कमी निकेलच्या पिंपाला जोडाजवळ तांबूस ठिपके लवकर दिसतात. रव्याच्या डब्याला मात्र तेच स्टील वर्षानुवर्षे पुरते. (गार पाण्यात मीठ टाकून न ढवळता ठेवले, तर 304 च्या बुडालाही बारीक खड्डे पडू शकतात. हा दोष पत्र्याचा नव्हे.) सगळेच 304 घ्या, हा सध्याचा हट्ट त्यामुळे मला जरा महागडा वाटतो.

छापाची सक्ती ही त्यामानाने कालची गोष्ट. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह 2021 पासून बंधनकारक झाले. 2022 मध्ये बिनछापाचे कुकर विकू दिल्याबद्दल ऑनलाइन बाजारातल्या दोन मोठ्या कंपन्यांना प्रत्येकी 1 लाख रुपये दंड झाला आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत करायला सांगितले गेले. कुकरबाबत वाद फारसा नव्हता. वाफ कोंडणाऱ्या भांड्याला छाप हवा हे कोणालाही पटते. मार्च 2024 मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या साध्या भांड्यांनाही तोच नियम लावायचा आदेश निघाला, तेव्हा प्रश्न उभा राहिला. चार माणसांच्या कारखान्यात बनणाऱ्या वाटीलाही परवाना आणि चाचणी लागणार का? बाजूने आणि विरोधात दोन्हीकडे बोलण्यासारखे आहे. तरी वाटी फुटत नाही आणि कुकर फुटतो, हा भेद आदेश काढताना पुरेसा तोलला गेला असे दिसत नाही.

शिवाय छाप म्हणजे 304 नव्हे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, स्टीलच्या भांड्यांसाठी 14756, कुकरसाठी 2347. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक मोबाइलवर तपासता येतो. भांडे ठरलेल्या मानकात बसते एवढेच त्यातून कळते. निकेल किती, ते पत्र्याची प्रत विचारल्याशिवाय कळत नाही.

विजेच्या उपकरणांत सोलापूरकरांची परीक्षा एकच, शेंगाचटणी. साठच्या दशकात देशी मिक्सर आला तो ओले-सुके दोन्ही दळण्यासाठी, आणि तेव्हापासून खरेदी वॅटवर होते. पण मिक्सरचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि दाणे कुटत नाही, कापते. सलग फिरवले की भांडे तापते आणि चटणीचा लगदा होतो. उखळात किंवा डंकावर कुटताना तेल सुटते, पण दाण्याची कणी राहते. म्हणून इथल्या जाणत्या बाया मिक्सर घेताना वॅटआधी बटण उलटे फिरवून झटका नीट बसतो का ते बघतात.

भाकरीला नॉनस्टिक इथे कधी रुजले नाही. त्या लेपाला 260 अंशांच्या पुढे नेऊ नये म्हणतात, आणि कडक भाकरीचा तवा किती तापला हे मोजत कोण बसणार? तवा लोखंडाचा किंवा बिडाचाच. 2024 चा आदेश स्टील आणि ॲल्युमिनियमपुरता असल्यामुळे त्याच्यावर कसली सक्ती नाही. गड्ड्याच्या यात्रेत बिडाचा तवा घेताना तो एका हाताने कडेला धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवतात. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठे तरी चीर आहे.