गुडघा दुखतो, पण कधी?

गुडघा दुखायला लागला की बहुतेकांना आधी एक्स-रे हवा असतो. पण दुखण्यामागे गुडघ्याच्या सांध्याची झीज असेल, तर सुरुवातीला तो बरेचदा नॉर्मल येतो. एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि ती कमी झालेली कळेपर्यंत बरीच कूर्चा गेलेली असते. शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचं आवरण. म्हणून किती दुखतं यापेक्षा कधी आणि काय केल्यावर दुखतं, याची नोंद डॉक्टरांच्या जास्त कामाची.

पहिली तक्रार बहुधा जिन्याची असते. सपाट रस्त्यावर काही त्रास नाही, पण पायऱ्या चढता-उतरताना वाटीच्या मागे किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणकतं. वाकलेल्या गुडघ्याने सगळं शरीर तोलताना वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते, आणि तो दाब शरीराच्या वजनाच्या काही पट असतो. दुसरी खूण म्हणजे बराच वेळ बसून उठल्यावर पहिली काही पावलं गुडघा आखडलेला राहतो, मग मोकळा होतो. वय 45 किंवा जास्त, हालचालीने वाढणारं दुखणं, आणि सकाळचा ताठरपणा मुळीच नाही किंवा 30 मिनिटांच्या आत जाणारा: या तीन गोष्टी जुळल्या आणि दुसऱ्या आजाराची चिन्हं नसली, तर झिजेच्या निदानाला एक्स-रे लागतोच असं नाही.

हाताने तपासूनही काही गोष्टी कळतात. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना मऊ खळगे लागतात. तिथून अंगठा आतल्या बाजूने आडवा मागे सरकवत नेला की दोन हाडांमधली सांध्याची रेषा हाताला लागते. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर दुसऱ्या गुडघ्याशी ताडून पाहा. मग पाय सरळ पसरून मांडी सैल सोडा, वाटीची आतली बाजू तळहाताने खालून वर निपटा आणि लगेच बाहेरची बाजू वरून खाली. आतल्या खळग्यात छोटा फुगवटा उमटला तर सांध्यात पाणी साठलं आहे.

नुसत्या कटकट आवाजाने घाबरू नका. न दुखता वाजणारे गुडघे निरोगी माणसांतही सर्रास असतात. गुडघा वाकवताना त्यावर ठेवलेल्या तळहाताखाली खरखर जाणवते आणि सोबत दुखतंही, तेव्हा त्या खरखरीला अर्थ येतो.

सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांची बोटं सुजत असतील तर आमवाताचा, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचा, विचार करावा लागतो. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल तर दोन हाडांमधली गादीसारखी चकती फाटलेली असू शकते. कधी मूळ दुखणं खुब्याचं असतं आणि जाणवतं गुडघ्यात. जांघेत दुखत असेल तर खुबाही तपासून घ्या. एकाएकी लाल, गरम, सुजलेला गुडघा आणि ताप, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर थांबून चालत नाही.

एक्स-रे काढायचाच झाला तर उभं राहून काढा, कारण आडवं झोपल्यावर भार नसतो आणि कमी झालेली फट लपते. एमआरआयची घाई नको. पन्नाशीपुढे न दुखणाऱ्या गुडघ्यांतही त्यात बहुतेकदा काही ना काही बदल दिसतात, आणि अहवाल वाचून माणूस उगाच खचतो.

गुडघ्याच्या झिजेत मांडीचे पुढचे स्नायू लवकर कमजोर होतात, आणि दुखतं म्हणून बसून राहिलं की आणखी. खरं तर व्यायाम हाच इथला पहिला उपचार. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, ती खाली दाबत मांडी आवळा, 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा. हे जमू लागलं की हात न टेकता खुर्चीवरून उठण्या-बसण्याकडे वळा. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर प्रमाण कमी करा, पण बंद करू नका. वजन जास्त असेल तर दर किलो घटल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो.